हेदपाड्यातले भरलेले हंडे

कुठल्याही प्रकल्पाची पाहणी करायला गेलो की मी पहिला प्रश्न विचारायचो, "चावी कोणाकडे राहणार?" मग ती पिठाची गिरणी असो, वाचनालय असो की सोलरचा पंप. समोरच्याने पटकन एखाद्या माणसाचं नाव घेतलं तर माझं निम्मं काम तिथेच व्हायचं. "समिती ठरवेल" असं उत्तर आलं की मी वही मिटायचो. समितीकडे चावी म्हणजे वर्षभरात कुलूप गंजणार. जव्हारला पंचायत समितीत कारकुनी करताना असली कुलपं मी इतकी पाहिली होती, की निवृत्तीनंतर त्याच अनुभवावर मला दुसरी नोकरी मिळाली.

ही दुसरी नोकरी जरा समजावून सांगायला हवी. पूर्वी गावात सभामंडपासाठी वर्गणी निघायची. देणारा रोज त्याच रस्त्याने जायचा, खांब उभे राहिले की नाही ते त्याला दिसायचं. आता वर्गणी फोनवर निघते. पाड्यावरचं कुणीतरी एक व्हिडिओ करतं, आम्हाला अमुक हवं आहे म्हणून सांगतं, आणि ज्याने मोखाडा नकाशातही पाहिलेला नाही असा बंगळुरातला एखादा माणूस चहा पिता पिता पाचशे रुपये पाठवतो. याला क्राउडफंडिंग म्हणतात. आमच्याकडे लोक 'फोनवरची वर्गणी' म्हणतात, तेच बरं आहे. आता देणारा एकीकडे, घेणारा दुसरीकडे, तेव्हा मध्ये कुणीतरी प्रत्यक्ष जाऊन बघावं लागतं. मुंबईतल्या एका संस्थेसाठी जव्हार आणि मोखाडा तालुक्यांत तो बघणारा मी होतो. जायचं, बघायचं, फोनमधला फॉर्म भरायचा आणि शेवटी एकच शिफारस करायची: पाठिंबा देण्याजोगं आहे की नाही. मी 'नाही' म्हटलं की ते आवाहन वेबसाइटवर थांबायचं.

माणसं नाना तऱ्हेची भेटायची. दाभोशाचे एक नागूभाऊ होते. धबधबा बघायला येणाऱ्या लोकांसाठी त्यांना तंबू घ्यायचे होते. कागद चोख, शेतातली जागा सपाट, बोलणं गोड. मी विचारलं, "नागूभाऊ, संडास कुठे?"

ते माझ्याकडे दया आल्यासारखे बघत राहिले. "भाऊसाहेब, जंगल केवढा हाय. मुंबईत त्यांना एवढी जागा भेटंल का?"

मी 'नाही' लिहिलं. पुढच्या वर्षी त्यांनी पदरचे पैसे घालून दोन संडास बांधले आणि मला फोन केला, "आता या. पहिला मान तुमचा." मी गेलो, मान घेतला आणि 'हो' लिहिलं. आज त्यांच्याकडे शनिवार-रविवार तंबू मिळत नाहीत.

साखरशेतच्या बायकांच्या गटाला नाचणीची बिस्किटं करण्यासाठी भट्टी हवी होती. साखरशेत माझं स्वतःचं गाव, म्हणून मी जास्तच कडक राहिलो. बिस्किट दगडासारखं होतं, माझी दाढ दोन दिवस ठणकत होती. तरी मी 'हो' लिहिलं. कारण चावीचा प्रश्न विचारला तेव्हा एक बाई म्हणाली, "माझ्याकडे," आणि दुसरी लगेच म्हणाली, "हिच्याकडे कशी? हिचा नवरा भट्टीवर अंडी उकडील." जिथे चावीसाठी भांडण होतं तिथे काम टिकतं. बिस्किटं पुढे मऊ झाली.

असे किस्से सांगून मी स्वतःचा शहाणपणा मिरवला. वर्षानुवर्षं मी हेच दोन किस्से सांगत आलो आहे, चार माणसांत बसलं की. तिसरा सांगितला नाही. या अंकाच्या संपादकांनी कामाच्या आठवणी लिहा म्हटलं, तेव्हा ठरवलं की लिहायचं तर तोच.

सूर्यमाळच्या पुढे डोंगराच्या कडेला हेदपाडा आहे. चाळीसेक घरं, तीही एका जागी नाहीत, उतारावर विखुरलेली. भात आणि नाचणी होते. उन्हाळ्यात पाण्याचे हाल. पाड्याची विहीर खाली दरीत आहे. तिला झरा आहे, तो कधी बंद पडत नाही, पण मे महिन्यात करंगळीएवढा होतो. बाया तळाशी उतरून वाटीने पाणी भरतात आणि डोक्यावर हंडे घेऊन चढ चढतात. तिथल्या अंगणवाडीची मदतनीस यमुना हिने व्हिडिओ केला होता. मागणी एवढीच: विहिरीवर सोलरचा पंप, वर पाड्यात टाकी. दिवसभर थेंब थेंब का होईना, पाणी वर चढेल. व्हिडिओत तिने घरातली कळशी आडवी करून दाखवली होती, रिकामी. आवाज किंचित कापरा होता, पण बोलणं मुद्द्याचं. महिनाभरात बरीच रक्कम जमा झाली आणि नियमाप्रमाणे पाहणी माझ्याकडे आली.

नियम असा होता की न कळवता जायचं. मी फोन करून कळवलं. का, तर ऊन. उगाच हेलपाटा नको. आणि खरं सांगायचं तर, नुसतं ऊन नव्हतं. तीस वर्षं ऑफिसात लोक 'भाऊसाहेब' म्हणून उठून उभे राहायचे. निवृत्तीनंतर ते बंद झालं होतं. या कामामुळे ते परत सुरू झालं. आपण येणार हे लोकांना आधी माहीत असलं, चहा तयार असला, बाज अंगणात टाकलेली असली, तर बरं वाटायचं.

जीपने सूर्यमाळ आणि तिथून पायी, असा मी अकराच्या सुमाराला हेदपाड्यात पोहोचलो. यमुनाच्या सासूने, म्हातारी असूनही, दारातच बादली ठेवली. "सायेब, पाय धुवा." अख्खी बादली. मी आरामात पाय धुतले, तोंड धुतलं, टोपी काढून डोक्यावरही दोन तांबे ओतून घेतले. आत ओळीने सहा हंडे, तोंडोतोंड भरलेले, वर स्वच्छ फडकी. प्यायला गार पाणी आलं. चहा आला. मग आणखी पाणी.

मी म्हातारीला विचारलं, "आजी, पाण्याचं कसं आहे?"

"हाय ना," ती म्हणाली. "देवाची कृपा. तुमी प्या."

"म्हणजे पुरतं?"

"पाव्हण्याला नाय पुरणार तर कोणाला पुरंल?"

यमुना मध्ये काहीतरी बोलायला गेली. सासूने तिच्याकडे नुसतं पाहिलं, आणि ती गप्प झाली. नंतर तिने हळूच मला विचारलं, "विहीर बघायला येताय ना, भाऊसाहेब? उतरायला अर्धा तास लागतो."

मी दरीकडे पाहिलं, माझ्या गुडघ्याकडे पाहिलं. म्हटलं, "फोटो आहेत ना तुझ्याकडे, तेवढे पाठव." त्या गडबडीत चावीचा प्रश्नही मी विचारला नाही. मनात निकाल लागला होता. हंड्यांचा फोटो काढला आणि निघालो.

फॉर्ममध्ये मी लिहिलं: 'घरात मुबलक पाणी आढळले. व्हिडिओतील टंचाई प्रत्यक्षात दिसून आली नाही. दिशाभूल.' त्याखाली एक रकाना होता: 'पाण्याचा स्रोत स्वतः पाहिला का?' हो किंवा नाही. 'नाही' दाबलं तर फॉर्म पुढे सरकायचा नाही. मी 'हो' दाबलं.

चूक कोणाचीही होते. पण तो 'हो' चूक नव्हता, ते खोटं होतं. हा फरक मला तेव्हाही कळत होता.

घरी येऊन बायकोला सांगितलं, की लोक कसे फसवतात बघ, हंडे तोंडोतोंड भरलेले. तिचं माहेर मोखाड्याकडचं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मे महिन्यात, सूर्यमाळच्या डोंगरावर? कुणी भरले?"

"बायांनीच भरले असणार, आणखी कोण."

ती परत भाजी निवडायला लागली. मला पुढचं ऐकायचं नव्हतं.

आवाहन बंद झालं. जमलेली रक्कम देणाऱ्यांना परत गेली. वेबसाइटवर यमुनाच्या फोटोखाली लाल अक्षरांत एक ओळ आली, पडताळणीत तथ्य आढळले नाही म्हणून. ती ओळ ठाण्याला कामाला गेलेल्या पाड्यातल्या पोरांनी फोनवर वाचली आणि गावाकडे पाठवली. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी दुसऱ्या कुठल्यातरी गिरणीची चावी विचारत फिरत होतो.

वर्षभराने मोखाड्याच्या बाजारात यमुनाची सासू भेटली. तिनेच मला ओळखलं. मिरच्यांचं गाठोडं खाली ठेवलं, खुशाली विचारली. मग अगदी आनंदाने म्हणाली, "सायेब, त्या दिशी तुमाला काय कमी पडू दिला नाय ना?"

"नाही आजी, छान पाहुणचार केलात."

"सहा घरांचा पानी होता तो," ती म्हणाली. "तुमचा फोन आला ना, तवा आदल्या दिसापासून बाया उतरल्या. एकेका घरानं हंडा दिला. आमी बोललो, कोनी असा नको बोलाया का हेदपाड्यात पाव्हण्याला पानी नाय." तिच्या चेहऱ्यावर अभिमान होता. थोडी थांबून तिने विचारलं, "मंग टाकी का नाय आली, सायेब?"

त्या बाजारात, मिरच्यांच्या गाठोड्यासमोर, मला माझी आई आठवली. आमच्या साखरशेतच्या घरी तलाठी यायचे तेव्हा आई चहासाठी शेजारून साखर आणायची. आम्हा भावंडांना बजावलेलं असायचं, तलाठ्यांनी 'बाळ, तू पण घे' म्हटलं तर 'नको, आत्ताच प्यालो' म्हणायचं. मी ते कितीतरी वेळा म्हटलेलं आहे. आमच्याकडे पाहुण्यापुढे 'नाही' हा शब्द काढत नाहीत, आणि घरात जितकं कमी तितकं पाहुण्याचं भांडं जास्त भरतात. हे मला कुणी शिकवायला नको होतं. मी स्वतः तलाठ्याच्या जागी जाऊन बसलो आणि भरलेलं भांडं बघून लिहून टाकलं, की इथे मुबलक आहे.

तिने टाकीबद्दल विचारलं होतं. मी म्हणालो, "वरून आलं नाही, आजी."

ऑफिसातली तीस वर्षं या एका शब्दावर निभावली होती. वरून. म्हातारीने मान हलवली. "वरचे कवा देतात," म्हणाली, आणि गाठोडं उचलून गेली.

दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सोपं गेलं. त्यानंतर दोन वर्षं मी गप्प राहिलो. हेदपाडा नाव निघालं की विषय बदलायचो. सूर्यमाळकडची पाहणी आली की गुडघ्याचं कारण सांगायचो. गुडघा खरोखरच दुखायचा, एवढाच काय तो दिलासा.

शेवटी मी हे काम सोडलं. माझ्या जागी विक्रमगडची एक मुलगी आली, समाजकार्याची पदवी घेतलेली, पल्लवी नावाची. कामं समजून घ्यायला ती आमच्या घरी आली. फोनमध्ये बघत म्हणाली, "काका, हेदपाड्याचा अर्ज परत आलाय. तीच टाकी, तोच पंप. फक्त नाव दुसऱ्याचं आहे. आणि खाली टीप आहे बघा."

टीप पाड्यातल्या लोकांनीच लिहिली होती: 'यमुना हिचा या कामाशी काही संबंध राहणार नाही.'

"जुन्या अहवालात तुमचा 'दिशाभूल' शेरा आहे," पल्लवी म्हणाली. "बाई लबाड होती का?"

बायको स्वयंपाकघरात होती. तिथे भांड्याचा आवाज थांबला.

मी म्हणालो, "बाई नाही. मी."

त्याच बैठकीत पल्लवीला सगळं सांगितलं. मुंबईच्या ऑफिसला पत्र लिहिलं, त्यात फोन करून गेल्याचं, विहीर न पाहिल्याचं आणि खोटा 'हो' दाबल्याचं कबूल केलं. लाल ओळ काढा आणि तिथे माझी चूक लिहा, अशी विनंती केली. पत्र पाठवल्यावर मला वाटलं, झालं. बायको म्हणाली, "मुंबईला कळवलंत. तिला कधी कळवणार?"

टाकीचं पुढे काय झालं ते आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला राहायला नको. पल्लवी विहिरीत उतरून आली. आवाहन परत सुरू झालं, यमुनाच्याच नावाने. पंप बसला, टाकी उभी राहिली, आणि या दिवाळीला हेदपाड्यात नळाचं पाणी आहे. मेमध्ये किती टिकतं ते बघायचं. पण हे सगळं पावसाळ्याच्या सुमाराला झालं. मी यमुनाला सांगायला गेलो तेव्हा मे महिनाच चालू होता, आणि कशाचाच पत्ता नव्हता.

या वेळी फोन केला नाही. सूर्यमाळला जीपमधून उतरलो आणि काठी टेकत हेदपाड्यात गेलो. यमुना दोन हंडे घेऊन निघालीच होती. मला बघून थबकली. डोक्यावरचा पदर सारखा केला, पण 'या' म्हणाली नाही.

"विहीर बघायला आलोय," मी म्हटलं.

"आता?" ती म्हणाली. "आता काय करताय बघून?"

तरी वाट दाखवली. ती पुढे, मी मागे. उतार दगडगोट्यांचा, जागोजागी करवंदाच्या जाळ्या. मी तीनदा बसलो. तिसऱ्या वेळी ती पण बसली, थोडी लांब. तिथेच मी तिला सांगितलं. सगळं, त्या रकान्यातल्या 'हो'सकट.

ती हंड्याच्या काठावरून बोट फिरवत होती. मी रागाची वाट बघत होतो. ती म्हणाली, "मला वाटलं माझ्यामुळे झालं."

"तुझ्यामुळे कसं?"

"त्या व्हिडिओत कळशी रिकामी दाखवली ना मी. ती रिकामी नव्हती. तळाला दोन तांबे पाणी होतं. शूटिंगसाठी ते मी शेवग्याला ओतलं." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "तुम्ही दिशाभूल लिहिलं तेव्हा मला वाटलं, यांना कसं कळलं? दोन तांब्यांसाठी देवानंच सांगितलं असंल यांना. म्हणून मी कुणाशी भांडले पण नाय. ग्रामसभेत पोरं बोलली, तू उभी राहू नको, तू खोटी. मी बसले खाली."

तीन वर्षं ती दोन तांबे पाण्याचा गुन्हा वाहत होती आणि मी बादलीभर पाण्याचा. तिचा गुन्हाच नव्हता, हे तिला सांगायला मला तीन वर्षं लागली.

विहिरीत उतरणं मला जमलं नाही, पण काठावर बसून मी झरा पाहिला. ती तळाशी वाटीने पाणी भरत होती. एक हंडा भरायला किती वेळ लागतो, ते मी घड्याळ न बघता मोजलं. मोजवत नव्हतं. वर आल्यावर तिने चुंबळ डोक्यावर ठेवली आणि म्हणाली, "भाऊसाहेब, हे तुम्ही मला सांगितलंत. पाड्यात सांगाल?"

"सांगेन."

"आईंसमोर?"

तिच्या सासूसमोर ते अवघड होतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

अंगणवाडीच्या पडवीत माणसं जमली. बाया एका बाजूला, पाच-सहा म्हातारे, सुट्टीला आलेले दोघे-तिघे तरुण. मी उभा राहिलो. ऑफिसात सभांची इतिवृत्तं लिहिली, बोललो कधीच नव्हतो. थोडक्यात सांगितलं. यमुना खरं बोलत होती. मी विहीर न बघता बघितली असं लिहिलं. तुमचे भरलेले हंडे बघून मी समजलो की पाणी आहे. बाजारात आजींनी विचारलं तेव्हा वरून आलं नाही म्हणालो, तेही खोटं. वर कुणी नव्हतं, मीच होतो.

एक म्हातारा तंबाखू मळत म्हणाला, "म्हंजे आमी पाव्हणचार केला तो आमच्याच उरावर बसला."

"आन तुझा हंडा तर गळका होता," दुसरा म्हणाला. "तुझा नाय धरला सायबांनी मोजायला."

आधी बाया हसल्या, मग सगळेच. त्या हसण्यात मला शिक्षा नव्हती असं नाही, पण त्यात मी उभा राहू शकत होतो. ग्रामसभेत यमुनाला खाली बसवणाऱ्यांपैकी एक जण मागे भिंतीला टेकून उभा होता. तो पुढे आला आणि तिला म्हणाला, "वहिनी, अर्जावर तुझं नाव टाकतो परत." ती म्हणाली, "पहिलं टाक. शेवटी नको."

मला त्या वेळी माझा जुना प्रश्न आठवला. म्हटलं, "आणि टाकी आली तर चावी कोणाकडे राहणार?"

दोन-चार जणांनी एकदमच यमुनाकडे बोट दाखवलं. एक बाई म्हणाली, "हिच्याकडेच. ही दोन तांबे पन सांडू देनार नाय." विहिरीच्या वाटेवरचं बोलणं तिला माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. यमुना मात्र खाली मान घालून हसली.

फक्त सासू हसली नव्हती. घरी परतताना ती माझ्या शेजारून चालत होती. दारात आल्यावर म्हणाली, "सायेब, एक सांगा. मंग काय आमी तुमाला सुका तांब्या द्यायचा होता?"

मी म्हणालो, "नाही आजी. मी विचारायला हवं होतं, कुणी भरले."

ती आत गेली. बादलीचा आवाज आला. ती माझ्यासाठी पाय धुवायला पाणी काढत होती. यमुनाने आत जाऊन तिच्या हातातून ती घेतल्याचं मला बाहेरून दिसलं.

"राहू दे आई. भाऊसाहेबांनी विहीर बघितलीय."

आणि तिने मला तांब्या आणून दिला. अर्धा होता. तिने तो झाकला नाही, सावरून काही बोलली नाही, आणखी आणते असंही म्हणाली नाही. मी बाजेवर टेकलो आणि ते पाणी शेवटच्या घोटापर्यंत प्यालो.